आधी जागा, मग गाणं

होस्टेलवर अरिजित ऐकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. गझल ऐकणाऱ्याला 'काय, ब्रेकअप का?' एवढंच विचारतात. पण तुम्ही जर पोस्ट-हार्डकोर नावाचा प्रकार ऐकत असाल आणि त्यातून हेडफोनची पिन ढिली असेल, तर मात्र अख्ख्या मजल्याला उत्तर द्यावं लागतं! आमच्या मेसच्या मावशींनी पहिल्यांदा विचारलं ते असं, "काऊन वं बाई, कोनाले मारून राह्यले का त्या मोबाइलात?" मी म्हटलं, "नाही हो मावशी, गाणं आहे." त्यावर त्या पोळ्या लाटायच्या थांबल्या, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग त्याच्यापाशी कोनी हाय का नाही?"

मित्रमैत्रिणींनो, या संगीताबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण इतका नेमका प्रश्न मला कुठे सापडला नाही. एक माणूस एवढ्या जिवाच्या आकांतानं ओरडतोय, तर त्याच्याजवळ कोणी आहे की नाही? या लेखात मी तोच प्रश्न धरून चालणार आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अशा बँडचा एकही कार्यक्रम मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. अकोल्यात तो होत नाही, आणि जिथे होतो तिथे मला आत सोडत नाहीत. का सोडत नाहीत, ते पुढे येईलच.

आधी थोडी थिअरी (जर्नल लिहून लिहून लागलेली सवय). १९७० च्या दशकात पंक नावाचं संगीत आलं. तीन कॉर्ड, भरपूर आवाज, भरपूर वेग. शिकलेले नसलात तरी वाजवा, असा त्यांचा खाक्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या पोरांनी त्याचा वेग आणखी वाढवला आणि त्याला हार्डकोर म्हणायला लागले. दीड मिनिटात गाणं खल्लास! राग सगळा बाहेरच्यांवर. सरकारवर, पोलिसांवर, शाळेवर. मग वॉशिंग्टन शहरातल्या काही मुलांना प्रश्न पडला की बाहेरच्यांवर ओरडून झालं, आता आतलं काय करायचं?

त्यातून १९८४ मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड उभा राहिला. नाव घेतलं स्ट्रॅविन्स्कीच्या १९१३ सालच्या बॅलेवरून, ज्याच्या पहिल्याच प्रयोगाला पॅरिसच्या प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. गाय पिचोटो गायचा आणि गिटारही वाजवायचा. आवाज हार्डकोरचाच, पण शब्द आठवणींचे, तुटलेल्या नात्यांचे, हातून निसटलेल्या दिवसांचे. १९८५ च्या जूनमध्ये डिस्कॉर्ड या छोट्याशा कंपनीनं त्यांचा एकमेव पूर्ण अल्बम काढला आणि १९८६ च्या सुरुवातीलाच बँड बंद पडला. सगळे मिळून जेमतेम पंधरा-सोळा कार्यक्रम. पण त्या कार्यक्रमांना गेलेली धडधाकट पोरं भर गर्दीत रडायची म्हणे! लोकांनी या प्रकाराला 'इमोशनल हार्डकोर' असं नाव दिलं आणि त्याचंच पुढे 'इमो' झालं. गंमत म्हणजे ज्यांच्यामुळे हे नाव पडलं त्यांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. संगीत भावनांशिवाय असतं तरी का?

आता पोस्ट-हार्डकोर. हार्डकोरचा जोर तोच, पण सरळ धावत सुटायचं नाही. मधेच एकदम थांबायचं, कुजबुजायचं, दोन गिटारींनी दोन वेगळ्या वाटांनी जायचं, आणि तुम्ही जरा निवांत झालात की अंगावर यायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हे सगळ्यात चांगलं कळेल. अ‍ॅम्प्लिफायरला पेलवणार नाही एवढा सिग्नल दिला की वेव्ह वरून आणि खालून कापली जाते आणि मूळ सुरात नसलेले हार्मॉनिक्स बाहेर पडतात. आपण प्रॅक्टिकलला त्याला क्लिपिंग म्हणतो आणि दोष म्हणून लिहितो. गिटारवाला त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतो आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजून पेडल विकत घेतो! गळ्याचंही काहीसं तसंच. जे सांगायचंय ते आवाजाच्या सप्लायपेक्षा मोठं झालं की सूर कापला जातो आणि त्याची किंकाळी होते. मला तरी त्या ओरडण्याचा अर्थ असाच लागतो. मारामारी नाही, ओव्हरलोड आहे.

आणि ओव्हरलोड म्हणजे काय, हे होस्टेलवाल्यांना सांगायची गरज आहे का? आमच्या विंगमध्ये एक पद्धत आहे. कोणी शिकवलेली नाही, पण फर्स्ट इयरपासून सगळ्यांना येते. रडायचं असलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. बादली भरून वाहते, बाहेर रांग लागते, पण दार कोणी वाजवत नाही. रिझल्टच्या रात्री तर एकाच वेळी तीन-तीन नळ चालू असतात. कोणाची बॅक लागलेली असते, कोणाच्या घरी कपाशी गेलेली असते आणि फीचा दुसरा हप्ता बाकी असतो, कोणाचं कारण कोणालाच माहीत नसतं. सकाळी सगळ्याजणी डोळे सुजलेले घेऊन पोहे खातात आणि झोप झाली नाही म्हणून सांगतात. मुलांच्या होस्टेलवर काय करतात मला माहीत नाही. पण त्यांच्याकडे तर नळ सोडायचीही सोय नसणार, कारण मुलगा रडतो हेच आपल्याकडे कोणाला मान्य नाही.

म्हणून मला राइट्स ऑफ स्प्रिंगच्या त्या पंधरा-सोळा कार्यक्रमांचं एवढं कौतुक वाटतं. तिथे नळ सोडावा लागत नव्हता. शेजारचा पण तेच करत होता.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या बँडकडे येते. राइट्स ऑफ स्प्रिंग बंद पडल्यावर गाय पिचोटो आणि ड्रमर ब्रेंडन कँटी पुढे फुगाझी नावाच्या बँडमध्ये गेले. तिथे इयन मकाय आणि बेस वाजवणारा जो लॅली हे दोघं होतेच. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ ला, वॉशिंग्टनमध्ये. त्यानंतर १५ वर्षांत त्यांनी एक हजारावर कार्यक्रम केले. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला शेवटचा कार्यक्रम झाला आणि ते थांबले. भांडण नाही, निरोप समारंभ नाही, काही नाही. नुसतेच थांबले.

त्यांची गाणी तर भारी आहेतच, पण मला जास्त भारी वाटतात ते त्यांचे नियम. पहिला नियम, तिकीट स्वस्त. बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. बँड मोठा झाला, हजारो लोक यायला लागले, तरी पाचाच्या आसपासच. दुसरा नियम, कुठल्याही वयाच्या माणसाला आत येता आलं पाहिजे. हा दुसरा नियम का आला ते ऐका. तिकडे बँड वाजतात ते बहुधा दारूच्या क्लबमध्ये, आणि लहान वयाच्यांना तिथे प्रवेश नाही. १९८० मध्ये मकाय स्वतः पोरगाच होता तेव्हा त्याचा बँड सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथल्या क्लबनं तोडगा काढला की या पोरांच्या हातावर मार्करनं काळी फुली मारायची, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. वॉशिंग्टनला परतल्यावर त्यांनी हीच फुली आपल्या शहरातल्या क्लबवाल्यांना सुचवली. 'आम्हाला दारू नको, गाणं ऐकू द्या.' पुढे जगभरच्या पोरांनी ही फुली स्वतःहून मिरवायला सुरुवात केली!

तिसरा नियम सगळ्यात अवघड. हार्डकोरच्या कार्यक्रमात स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचायची पद्धत होती. त्यात व्हायचं असं, की सगळ्यात दांडगट मुलं पुढे, आणि मुली, बारकी मुलं, चष्मेवाले सगळे भिंतीला. फुगाझी गाणं मधेच थांबवायचे. मकाय माइकवरून त्या दांडगटाशी शांतपणे, चक्क सभ्य भाषेत बोलायचा, की बाबा रे, तुझ्यामुळे दुसऱ्याला लागतंय. तरी ऐकलं नाही तर त्याला बाहेर काढायचे आणि जाताना त्याच्या हातात एक पाकीट द्यायचे. पाकिटात पाच डॉलर. तिकिटाचे पैसे परत! मला हे पाकीट फार आवडतं. चिडून फेकलेलं नाही, आधीपासून तयार करून ठेवलेलं. म्हणजे गाण्यांची यादी करतात तशी या मंडळींनी गर्दीचीही तयारी केलेली असायची.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. ओरडणाऱ्याजवळ कोणी आहे का? आहे. पण आपोआप नाही. ते 'कोणी' तिथे उभं राहू शकेल अशी जागा कोणीतरी मेहनतीनं करून ठेवावी लागते.

फुगाझीनं आणखी एक काम केलं. आपले बहुतेक कार्यक्रम त्यांनी रेकॉर्ड करून ठेवले होते. डिसेंबर २०११ पासून ते इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. आठशेच्या वर कार्यक्रम आहेत. सुचवलेली किंमत, अर्थातच, पाच डॉलर! हे कार्यक्रम ऐकण्याची मजा गाण्यांपेक्षा गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. कोणीतरी खोकतं, कोणीतरी फर्माईश करतं, गिटारची तार तुटते, मकाय कोणाला तरी समजावतो. १२ जानेवारी १९९१ ला, आखाती युद्ध सुरू व्हायच्या काही दिवस आधी, ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत कडाक्याच्या थंडीत वाजवत होते. मी हे सगळं अकोल्यात, एप्रिलमध्ये, पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन ऐकते. तरीही त्या गर्दीत आपण आहोत असं थोडंसं वाटतं. थोडंसंच. कारण रेकॉर्डिंगमधली गर्दी तुम्हाला धक्का देत नाही, आणि तुम्ही पडलात तर उचलतही नाही.

'पण हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे काय?' असा प्रश्न येणारच. आपल्याकडेही आहे, फक्त पाचशेऐंशी-एक किलोमीटरवर! मुंबईत धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. तिथे १९७८ पासून जॅझ यात्रा भरली, आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव. मुंबईच्या दोन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला रॉक कार्यक्रम तिथे पाहिला. पण शेजारी कॉलेज, जवळच हॉस्पिटल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. आता एकटा ड्रमसेटच शंभरच्या पुढे जातो! २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रंगभवनातला आवाज थांबला. मी त्या नियमाच्या विरोधात नाही. हॉस्पिटलमध्ये झोपलेल्या पेशंटला तुमचं गाणं ऐकायची सक्ती का? पण एक गोष्ट झाली. उघड्यावरची, कॉलेजच्या पोरांच्या खिशाला परवडणारी जागा गेली आणि बँड पब आणि क्लबांत शिरले.

याच काळात मुंबईत चांगले बँड उभे राहिले, हे विशेष. २००५ मध्ये स्क्राइब सुरू झाला. विश्वेश कृष्णमूर्ती हा त्यांचा गायक. संगीत अस्सल हार्डकोर, पण डोकं पक्कं मुंबईचं. २०१० च्या त्यांच्या अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा'. 'अंदाज अपना अपना' ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको! आणि ज्याला खरोखर भावनिक पोस्ट-हार्डकोर म्हणता येईल असा बँड म्हणजे गॉडेस गॅग्ड. त्यांचा 'रिसरफेस' हा अल्बम २०११ मध्ये आला. सिद्धार्थ बसरूरचा आवाज एका ओळीत गोड आणि पुढच्याच ओळीत फाटलेला. दोन गिटारी एकमेकींत अशा गुंतलेल्या की एकीला सोडवायला जावं तर दुसरी हातात यावी. पहिल्यांदा तो अल्बम ऐकला तेव्हा मला वाटलं की हे आपल्याच राज्यातली मुलं वाजवतायत, मग आपण एवढे लांब का?

लांब का, तर ऐका. पबमध्ये जायला वय लागतं. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि दारूसाठी २५. मला दोन्ही नकोत, पण दारावरच्या माणसाला ते कोण सांगणार? तो वय बघतो आणि परत पाठवतो. मी २० वर्षांची आहे. मतदान करू शकते, गाडी चालवू शकते, पण गाणं ऐकू शकत नाही. फुली मारायला हात पुढे करीन, पण मार्कर कोणाकडे आहे? मोठे उघड्यावरचे महोत्सव आहेत, नाही असं नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जानेवारी २०२३ पासून लोलापलूझा भरायला लागला. पण त्याच्या तिकिटात मेसचे दोन-तीन महिने सहज निघतात. शिवाय जायचं-यायचं भाडं, राहायचं कुठे, आणि घरी सांगायचं काय? "आई, मी रात्रीच्या गाडीनं ओरडणारी माणसं ऐकायला चाललीय," हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्या घरात खपेल ते मला कळवा. मी तिथेच राहायला जाईन.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसतीच फर्माईश होईल. घरचे घाबरतात ते उगाच नाही. अ‍ॅट द ड्राइव्ह-इन नावाचा टेक्सासचा एक पोस्ट-हार्डकोर बँड होता. २६ जानेवारी २००१ ला सिडनीच्या बिग डे आउट महोत्सवात ते वाजवायला उभे राहिले. समोर धक्काबुक्की चाललेली. गायकानं लोकांना थांबायला सांगितलं, कोणी ऐकेना, तेव्हा तीन गाण्यांतच त्यांनी स्टेज सोडलं. पुष्कळांना राग आला. पैसे भरून आलेलो आम्ही! त्याच संध्याकाळी, त्याच महोत्सवात, दुसऱ्या एका मोठ्या बँडच्या वेळी गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि त्यात सापडलेली एक शाळकरी मुलगी काही दिवसांनी वारली.

आणि सिडनी लांब वाटत असेल तर कोची घ्या. २५ नोव्हेंबर २०२३. विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या मुलांचा टेक फेस्ट, अगदी आपल्यासारखा. उघडं ऑडिटोरियम, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम. पाऊस आला, बाहेरचे लोक एकदम आत घुसले, वाट एकच आणि पुढे उतरत्या पायऱ्या. चारजण गेले. गाणं सुरूसुद्धा झालं नव्हतं. ओरडणारं संगीत नव्हतं, मारामारी नव्हती, कोणाचा वाईट हेतू नव्हता. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वागते. लाट आली की पाय उचलले जातात आणि श्वास घ्यायला छाती फुलवायलाही जागा उरत नाही. म्हणजे हा संस्कृतीचा प्रश्न नाही. फ्लुइड मेकॅनिक्सचा आणि दारांच्या रुंदीचा प्रश्न आहे. आणि तो सोडवणं हे आपलंच काम आहे, इंजिनीअरांचं.

बातमी वाचल्यावर मला पुन्हा ते पाच डॉलरचं पाकीट आठवलं. आधी जागा, मग गाणं. आणि मग लक्षात आलं की हे वाक्य शिकायला वॉशिंग्टनला जायची गरजच नव्हती.

आपल्या मार्कशीटवर सगळ्यात वर कोणाचं नाव छापलेलं असतं? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. आपण ते नाव फक्त एसजीपीए बघताना वाचतो. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला बाबांवर एक धडा होता, दहा ओळींचा, स्वच्छतेवरचा. खरी माहिती मला आजीकडून मिळाली. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस गावात यायचा तो झाडू घेऊन. दिवसभर गाव झाडायचा. आणि मग रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनाची पद्धतही अशी, की बाबा प्रश्न विचारणार आणि समोरची माणसं उत्तर देणार. कर्ज काढून सण करावा का? देवाला कोंबडं लागतं का? हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. ऐकणारा आणि सांगणारा अशी भिंतच नाही. जातीवरून कोणाला मागे बसवायचं नाही. १९५६ मध्ये, बाबांच्या शेवटच्या दिवसांत, मुंबईला बांद्र्यात झालेलं त्यांचं एक कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे. मी ते ऐकलं. आवाज थकलेला, घासलेला, मधेच फाटणारा. कुठलीही साथसंगत लागत नाही एवढी त्यात ताकद. मी ते फुगाझीच्याच फोल्डरमध्ये ठेवलंय. बाबांची आणि रॉक बँडची बरोबरी करायचा माझा हेतू नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण गाण्याआधी जागा स्वच्छ करणारा माणूस आणि गाणं थांबवून जागा नीट करणारा माणूस, या दोघांना एकमेकांचं काम नक्की कळलं असतं.

तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या. एक माणूस, एक एवढंसं वाद्य, आणि मोझरीला समोर बसलेला समाज. आजोबा सांगतात, घरात एरवी शब्द न बोलणारी माणसं तिथे मोकळ्या गळ्यानं गायची. नळ सोडावा लागायचा नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजेश्वराला कावड येते, तेव्हा अकोल्याचे रस्ते ढोलांनी हलतात. तो आवाज काय कमी डेसिबलचा असतो? म्हणजे आवाज आपल्याला चालतो, गर्दी आपल्याला चालते, मोठ्यानं गाणं तर चालतंच. फक्त मी ती कावड आजवर गच्चीवरूनच पाहिलीय. खाली उतरून उभं राहावं अशी जागा मला दिसली नाही. आमच्या गॅदरिंगलाही डीजे सुरू झाला की पहिली दहा मिनिटं सगळे नाचतात, मग मधली जागा कोणाची होते आणि मुली कडेच्या खुर्च्यांवर पर्सा सांभाळत कशा बसतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर माझं म्हणणं असं. येत्या गॅदरिंगला एक दुपार द्या. संध्याकाळ नको, दुपारच. मेसचा हॉल चालेल, टेबलं कडेला लावली की झालं. स्टेज नको, वाजवणारे आणि ऐकणारे एकाच फरशीवर. दोन्ही दारं उघडी, आणि दाराशी मोजायला माणूस. हॉलच्या क्षेत्रफळाला दोननं गुणायचं, तेवढीच माणसं आत, एकही जास्त नाही. सिव्हिलची मुलं माप घेऊन देतील. तिकीट एका चहाचं. पुढच्या रांगा मुलींना, बुटक्यांना आणि चष्मेवाल्यांना. कोणी पडलं तर माइक ज्याच्या हातात तो गाणं थांबवणार, मग ते कितीही रंगलेलं असो. ऐकलं नाही त्याला चहाचे पैसे परत, पाकिटात घालून, नम्रपणे. शंभर डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा पंधरा मिनिटांची आहे, तेव्हा कापसाचे बोळे दारात ठेवायचे. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? सहाच्या आत सगळं बंद, म्हणजे अभ्यासवाल्यांची आणि शेजारच्या कॉलनीची तक्रार नाही.

वाजवायचं काय? ज्याला जे येतं ते. गिटार, खंजिरी, दिमडी. नाहीच काही आलं तर बादली पालथी घाला, अ‍ॅम्प नसेल तर नसू दे. गायचं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, वऱ्हाडीत. चांगलं गाता येत नाही अशांनी तर नक्की यावं, हे संगीत मुळात त्यांच्यासाठीच आहे. आणि ज्यांना गायचं नाही, नुसतंच शेजारी उभं राहायचंय, त्यांच्याशिवाय तर हे होणारच नाही.

फक्त त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून आधी हॉल झाडायचा. ड्रम कोणाकडे आहे ते कळवा. झाडू मी आणते.